अंड्याचे पैसे वाचवून काय मिळालं? लेकरांवरच्या सरकारी खर्चाबद्दल चर्चा

धारूरचा मास्तर

बालाघाटच्या डोंगरात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं होतं, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यामागे ५ रुपये. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय आला की यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. राज्यभराचा हा खर्च साधारण ५० कोटींचा होता.

लोकसहभाग मागायचा कुणाकडं? माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे मायबाप दसरा झाला की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर जातात. गावात उरतात म्हातारी माणसं. त्यांच्यापुढं मी अंड्यासाठी पावती पुस्तक कसं धरू?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. गरिबीवर सरकार जे काही खर्च करतं, त्यातला पहिला घास लेकराचा असला पाहिजे. अंगणवाडीचा आहार, शाळेतलं जेवण, ऊसतोडीच्या काळातलं हंगामी वसतिगृह, या तीन गोष्टींना आज मिळतात त्याच्या दुप्पट पैसे द्यावेत. कर वाढवावा लागला तरी चालेल. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

लातूरचा करदाता

सर, भावना समजते. पण दुप्पट म्हणजे किती आणि कुठून? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. आईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येतात. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. मुलगी झाली तर लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये. एवढं सगळं असताना शाळेतल्या अंड्याला पुन्हा वेगळे पैसे कशाला? आईनं दोन अंडी आणावीत.

शिवाय गरिबी कमी होतेय. निती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात महाराष्ट्राचा आकडा २०१५-१६ ला १४.८ टक्के होता, तो २०१९-२१ ला ७.८ टक्क्यांवर आला. निम्म्याने घटली. मग खर्च वाढवायचा कशासाठी?

परभणीकर

@लातूरचा करदाता, तुम्ही दिलेला आकडा खराच आहे. तो ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून काढलाय, त्याच पाहणीतला, त्याच वर्षांचा दुसरा आकडा आता बघा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ ला ३५.२ टक्के. घरात गॅस आला, वीज आली, बँकेत खातं निघालं, म्हणून घर गरिबीच्या यादीतून बाहेर आलं. लेकराची उंची मात्र वाढली नाही. तीनातलं एक पोर वयाच्या मानानं बुटकं आहे आणि आपण गरिबी निम्मी झाली म्हणून टाळ्या वाजवायच्या?

आणि लाडकी बहीणला वयाची अट आहे, २१ ते ६५. त्याच पाहणीत विशी ते चोविशीतल्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण आमच्या परभणीत ४८ टक्के निघालं, बीडमध्ये ४३ च्या पुढं. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिलं बाळ. ज्या आईला सगळ्यात जास्त गरज आहे तिच्या खात्यात छदाम येत नाही. तिचं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत ती योजनेच्या वयात बसत नाही, आणि नेमकी तीच दोन वर्षं वाढीची असतात. अंगणवाडीचा आहार आईचं वय विचारत नाही. म्हणून नगद पैसे दिले म्हणजे काम झालं, हे मला मान्य नाही.

आष्टी-पाटोदा

दोघांचंही ऐकलं. मी अंड्याच्या विरोधात नाही, पण तुम्ही फांदीला पाणी घालताय आणि मूळ कोरडं ठेवताय. आमच्या तालुक्यातली माणसं ऊसतोडीचा कोयता का उचलतात? शेतात पाणी नाही म्हणून. एवढाच पैसा बंधारे, पाझर तलाव, शेततळी, प्रक्रिया उद्योग यात घाला. बापाला गावात बारा महिने काम मिळालं तर तो लेकराला अंडंच काय, रोज दूध पाजील. कुठल्या बापाला आपलं लेकरू सरकारी खिचडीवर वाढावं असं वाटतं? आम्हाला मदत नको, काम पाहिजे. हे वाक्य आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात बोलत होते.

गेवराईची सेविका

आष्टीवाले दादा, पाणी पाहिजेच. पण तलाव होईस्तोवर माझ्या अंगणवाडीतलं तीन वर्षांचं पोर तेरा वर्षांचं होतं. त्याची वाढ तोवर वाट बघत थांबते का?

मी काय बघते ते लिहिते. दर महिन्याला वजन घेतो, तक्त्यावर ठिपका लावतो. हिरव्या पट्ट्यात ठिपका म्हणजे बरं, पिवळ्यात घसरला की आम्ही सावध होतो, लाल म्हणजे धोका. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या आठवड्यात माझ्या रजिस्टरमध्ये एकदम पंधरा-वीस नावांपुढं ‘स्थलांतरित’ लिहावं लागतं. रात्री ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, शेळी, लेकरं सगळं वर चढतं. मग थेट पाडव्याच्या आगंमागं भेट. त्यातली कितीतरी लेकरं जाताना हिरव्यात असतात आणि येताना पिवळ्यात. एका पोरीचा दंडघेर परत आल्यावर ११ सेंटिमीटर भरला. साडेअकराच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. आई म्हणाली, पहाटे तीनला उसाच्या फडात जायचो, पोरीला पाचटावर निजवायचो, मोठी बहीण सांभाळायची. मोठी म्हणजे आठ वर्षांची. दोघींनी दिवसभर गार भाकरी आणि चटणी खायची. त्या माऊलीचा काय दोष? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तिनं खोपीवर थांबायचं म्हटलं तर अर्धा कोयता बुडतो आणि मुकादमाची बाकी अंगावर राहते.

आता हिशोब. अंगणवाडीतल्या मुलामागं आहाराला दिवसाला ८ रुपये. हा दर २०१७ ला ठरला आणि पुढं कित्येक वर्षं तसाच राहिला. तेल, डाळ, शेंगदाणे, गॅस, कशाचा भाव तसाच राहिला सांगा. या ८ रुपयांत मी काय शिजवू?

लातूरचा करदाता

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं आणि दर वाढवला पाहिजे हे मी मान्य करतो. माझा मुद्दा गळतीचा आहे. घरी न्यायच्या आहाराची पाकिटं लोक म्हशीपुढं टाकतात हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. हंगामी वसतिगृहात कागदावर पन्नास मुलं आणि पंगतीला वीस, अशा तक्रारी दरवर्षी होतात. भोकाच्या घागरीत दुप्पट पाणी ओतून काय होणार? त्यापेक्षा आईच्या खात्यात थेट पैसे टाका, मधला माणूसच नको. वयाची अट चुकीची असेल तर ती काढा.

धारूरचा मास्तर

गळती आहे. मी नाकारत नाही. पण पाकीट म्हशीपुढं का जातं? चव नाही म्हणून. लेकरू तोंड फिरवतं. गरम शिजवलेलं जेवण कुणी म्हशीला घालत नाही. उपाय आहाराचा पैसा कमी करणं हा नाही, ताजं शिजवणं हा आहे, आणि ते महाग पडतं.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. बहुतेक ठिकाणी पोरं आजीआजोबांकडंच झोपतात, जेवण शाळेत मिळतं. एवढ्यानंच आई पोराला मागं ठेवायला तयार होते. पण अनुदान हंगामाच्या मध्यावर आलं, तर तोवर पोरं फडात पोचलेली असतात. गेलेलं पोर परत आणता येत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते शिक्षण हमी कार्ड हातात आलं म्हणून तिकडची शाळा त्याला सापडते असंही नाही, फड दर आठ-पंधरा दिवसांनी बदलतो. इथं जेवणाचं काम थेट खात्यातल्या पैशानं कसं होणार? पैसे म्हाताऱ्या आजीच्या नव्हे, आईच्या खात्यात जाणार, आणि आई दोनशे किलोमीटरवर ऊस तोडतेय.

तमिळनाडू बघा. १९५६ ला मुख्यमंत्री कामराजांनी शाळेत जेवण सुरू केलं, १९८२ ला मुख्यमंत्री एमजीआर यांनी ते वाढवलं, २०२२ पासून प्राथमिक शाळेत सकाळचा नाश्ताही सुरू झाला. तिथंही पक्ष बदलले, भांडणं झाली, पण लेकराच्या ताटाला कुणी हात लावला नाही. आपल्याकडं अंडं सव्वा वर्ष टिकलं.

आष्टी-पाटोदा

तमिळनाडूकडे कारखाने आहेत, कर येतो. मराठवाड्याचं तसं नाही.

परभणीकर

१९५६ ला तमिळनाडू श्रीमंत होता का? आणि मराठवाडा एकटा नाही, महाराष्ट्राचा भाग आहे. करदाते साहेब, तुमच्या पगारातून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? तो १९७५ ला लावला तोच मुळी रोजगार हमीसाठी. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आज्या खडी फोडत होत्या, लेकरांना सुकडी मिळत होती. त्यातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि मुंबईच्या नोकरदारानं मराठवाड्याच्या मजुरासाठी कर भरला. पुढं देशानं तीच कल्पना उचलली. आष्टीकर, तुमचे आजोबा ज्या कामावर गेले तेही सरकारी खर्चातूनच निघालं होतं.

जालन्याचा

एक अनुभव. वडिलांनी आत्महत्या केली तेव्हा मी सातवीत होतो, बहीण तिसरीत. शासनाची मदत १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ठेवीचं व्याज महिन्याला चार-पाचशे रुपये. सावकार दारात होता, ३० हजार कुठं गेले हे सांगायला नको. आम्ही शिकलो ते शाळेतल्या खिचडीवर आणि समाजकल्याणच्या वसतिगृहावर. आज बालसंगोपन योजनेत अशा मुलांना महिन्याला २,२५० रुपये आहेत, पण आमच्या गावातल्या विधवा मावशींच्या पोरांचे हप्ते महिनोन्महिने येत नाहीत. करदाते दादांना एवढंच विचारतो, आम्हा भावंडांवर झालेला खर्च वाया गेला का? आज मीही कर भरतो.

लातूरचा करदाता

नाही, वाया गेला नाही. पण देखरेख कुणी करायची, हा प्रश्न उरतोच. वरून पैसा वाढला आणि खाली बघणारं कुणी नसेल तर माझा विरोध कायम आहे.

गेवराईची सेविका

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. किती गावांत कुणी विचारतं? आमच्याकडं एक वर्ष त्यातून खुर्च्या आल्या. तुम्हाला देखरेख करायची असेल तर तिथून करा, दादा. रजिस्टर दाखवायला मी तयार आहे.

आष्टी-पाटोदा

हे बरोबर बोललात. पाण्याचा माझा मुद्दा मी सोडत नाही, पण दहा टक्क्यांचा हिशोब मी आमच्या ग्रामसेवकाला मागतो.

धारूरचा मास्तर

मागाच, पण दसऱ्याच्या आत मागा. आमच्या गावात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी दोन मागण्यांचा अर्ज देतोय. दहा टक्के निधीतून अंडी, आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या हलायच्या आधी मंजूर करावा असा तालुक्याला ठराव. अर्जाचा मसुदा ज्यांना हवाय त्यांनी सांगा, इथंच टाकतो.