काम तेच, पदाचं नाव वेगळं: तुमचे पगाराचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात आमच्या कारखान्यातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन रडली. तिच्याच बरोबर रुजू झालेल्या मुलाला दरमहा चार हजार जास्त मिळतात, हे तिला कॅन्टीनमध्ये बोलता बोलता कळलं. मशीन तेच, पाळी तीच. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तो ऑपरेटर आहे, तू हेल्पर. भोसरीत नोकरी करून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मलाही हेच उत्तर मिळालं होतं आणि मी गप्प बसले होते, याची आजही खंत वाटते.

समान वेतनाचा कायदा 1976 चा आहे. आता त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच म्हटलंय: एकच किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल, तर बाई-पुरुष म्हणून मजुरीत भेद करायचा नाही. कायदा काम बघतो. तुमच्याकडे काय बघतात? नावं, कंपन्या लिहू नका. घडलं ते लिहा.

लातूरकडून
आमच्याकडं बाईला तीनशे, गड्याला पाचशे. गडी फवारा मारतो, पोती उचलतो, म्हणून जास्त म्हणतात. बरं, मग सोयाबीन काढताना? तिथं दोघं शेजारी शेजारीच असतो, आणि माझी पात कधी मागं राहिली नाही. एकदा हे बोलले तर दुसऱ्या दिवशी कामाला बोलावलं नाही. मग आम्ही अकरा जणींनी मिळून गुत्तं घ्यायला सुरुवात केली. एकराचा भाव आधी ठरवायचा, पैसे सारखे वाटून घ्यायचे. आता आम्हाला कुणी बाईची हजेरी लावत नाही.

बीड जिल्हा, आता नर्स
माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता. उचल वडिलांच्या हातात, हिशेबाच्या वहीत नाव वडिलांचं. ऊस तोडायचे ते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची आई. पहाटेचा स्वयंपाक वेगळाच. तिची मजुरी किती, हे आम्हाला कधीच सांगता आलं नाही, कारण ती वेगळी मोजलीच जात नव्हती.

पुणे, सॉफ्टवेअर
बाळंतपणाची 26 आठवडे रजा घेऊन परतले. त्या वर्षीची वाढ नगण्य. ‘अर्धं वर्ष तर तू नव्हतीसच.’ ते मी सोसलंही असतं. पण पुढची नोकरी शोधताना पहिला प्रश्न आला, सध्याचा पगार किती? त्यावर टक्के लावून नवा पगार ठरला. त्याच्या पुढच्या नोकरीतही तेच. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि ती तूट अजून माझ्या पगारात आहे.

ठाणे
मुलाखतीत मला विचारलं, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ माझ्या भावाला आजवर कुणी विचारलेलं नाही.

नाशिक, मनुष्यबळ विभाग
मी पुरुष आहे आणि पगार ठरवणाऱ्या बाजूला होतो, म्हणून लिहितोय. मुलाने आकडा वाढवून मागितला की आम्ही म्हणायचो, पोरात धमक आहे. मुलीने मागितला की, ही पुढे जड जाईल. एकीबद्दल तर ‘नवरा चांगला कमावतो’ हे कारण बैठकीत उघड बोललं गेलं. त्या कागदावर माझीही सही आहे. ती सही चूक होती.

धागा सुरू करणारी
नाशिककर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ‘पदच वेगळं’ हा बचाव किती जुना आहे बघा. मुंबईत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी म्हणून त्या लढल्या. कंपनीचं म्हणणं, बायका वरिष्ठांच्या खास स्टेनो, त्यांचा वर्गच वेगळा. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. पैसे परवडत नाहीत ही सबबही चालणार नाही, असं सांगितलं.

आमच्या कारखान्यातल्या त्या मुलीने सोमवारपासून रोज किती नग काढले ते वहीत लिहायला घेतलंय. शेजारच्या मशीनवरचा तो मुलगाही आपला आकडा तिला देतो. लातूरच्या ताई, गुत्त्याचा भाव पहिल्यांदा ठरवताना तुम्ही बोलणं कसं काढलंत, तेवढं सविस्तर लिहा. तिला वाचून दाखवायचंय.