मादाम दफार्जच्या विणकामात नियती शोधू नका

जुना वाचक :
डिकन्सच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) या कादंबरीत दारूचे दुकान चालवणारी मादाम दफार्ज ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावे विणकामात नोंदवते. ते विणकाम म्हणजे ग्रीक पुराणातील, आयुष्याचा धागा कातून कापणाऱ्या तीन देवता, असे काल येथे 'धागेदोरे' यांनी लिहिले आणि विषय संपवून टाकला. हे वाक्य गाइडातून चालत आलेले आहे. देवता कोणाचा राग मनात धरून धागा कापत नाहीत; या बाईच्या बहिणीचा बळी एव्हरमाँड या सरदार बंधूंनी घेतला आहे आणि ती यादी ठेवते आहे. बार्साड हा हेर दारूच्या दुकानात समोर उभा राहून गप्पा मारत असताना ती त्याचे नाव विणते. ही निव्वळ कारकुनी आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

धागेदोरे :
गाइड आपणच वाचले असावे, मी कादंबरी वाचली आहे. दुसऱ्या भागाचे नावच 'सोन्याचा धागा' आहे आणि तो धागा डॉक्टर मानेत यांच्या मुलीचा, ल्युसीचा आहे. त्याच्यासमोर हा दुसरा धागा मुद्दाम ठेवलेला आहे. शेवटी गिलोटिनपाशी बसलेल्या बायका विणता विणता मुंडकी मोजतात आणि ल्युसीच्या नवऱ्याऐवजी मरायला गेलेला कार्टन तेविसावा ठरतो. ही कारकुनी वाटत असेल तर आपल्या कचेरीला माझा नमस्कार.

उलटसुलट :
आपणा दोघांपैकी कोणी कधी सुया हातात धरल्या आहेत का? तिचा नवरा दफार्ज छातीठोकपणे सांगतो की त्या नोंदीतले एक अक्षर पुसण्यापेक्षा भित्र्यातल्या भित्र्या माणसाला स्वतःचे अस्तित्व पुसणे सोपे जाईल. हे वाचून मला हसू येते, कारण जगात विणकामाइतके सहज उसवणारे दुसरे काही नाही. शेवटचे टोक सापडले की आठवड्याचे काम घटकेत मोकळे होते. आमची आई जुने स्वेटर उसवून, लोकर धुऊन, खाली वजन बांधून सरळ करी आणि त्यातून बाळंतविड्यासाठी टोपडी, मोजे विणी.

जुना वाचक :
चर्चा प्रतीकाची आहे, आपल्या टोपड्यांची नाही.

उलटसुलट :
टोपड्यांवाचून ते प्रतीक आपल्याला उमगले नाही, हाच मुद्दा आहे. ती नोंद आपल्याला, म्हणजे खरे तर तिला, नेहमी वाचता येईल का, ही शंका तिथला एक जाकही काढतो (तिथले क्रांतिकारक एकमेकांना जाक म्हणतात). पुढे ती ल्युसीला सांभाळणाऱ्या मिस प्रॉसशी झटापटीत स्वतःच्याच पिस्तुलाने मरते. वाचणारीच गेली, उरली ती लोकर.

धागेदोरे :
नाइलाजाने भर घालतो. ल्युसीचा नवरा, एव्हरमाँड घराण्यातला डार्ने, याला मृत्युदंड होतो तो डॉक्टर मानेत यांनी बास्तील तुरुंगाच्या कोठडीत १७६७ साली लिहून धुराड्यात लपवलेल्या कागदामुळे. न्यायालयात विणकाम कोणी वाचत नाही. तेव्हा 'जुना वाचक' यांची कारकुनीही बाद.

जुना वाचक :
वा! नियतीबरोबर मीही बाद. निदान एवढे तरी मान्य करा, की मादाम दफार्जच्या पॅरिसमधल्या वस्तीतल्या इतर बायकाही विणतात आणि लेखक कारण स्पष्ट देतो: खाण्यापिण्याच्या जागी हात चालत, बोटे थांबली असती तर पोटातली भूक अधिक बोचली असती. तिथे यादी नाही आणि देवताही नाहीत.

उलटसुलट :
हे मात्र मान्य, आणि तेही टोपड्यांमुळेच. आई ती टोपडी विणत होती १९८२च्या गिरणी संपात. वडील घरी बसलेले होते, नव्या लोकरीला पैसे नव्हते. रात्री आम्ही जेवून उठलो की ती "मला भूक नाही" म्हणून सुया घेई.