मदत हवी आहे: १९०९ च्या मूकपटाचा वेग आणि साथसंगत

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'अ कॉर्नर इन व्हीट' दाखवायचा आहे. १९०९ चा, बायोग्राफ कंपनीचा, एका रिळाचा मूकपट. जेमतेम पंधरा मिनिटांत एक सट्टेबाज बाजारातला सगळा गहू ताब्यात घेतो, पाच सेंटचा पाव दहा सेंटला जातो आणि शेवटी तो स्वतःच गव्हाच्या कोठारात पडून गाडला जातो. आमच्याकडे येणारे बरेचसे प्रेक्षक शेतकरी घरातले आहेत, म्हणून मी याच चित्रपटाचा हट्ट धरला.

माझ्याकडची प्रत फार पळते, माणसं तुरुतुरु चालतात. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे वेग एकसारखा नसे, हे ठाऊक आहे. सेकंदाला सोळा फ्रेम (चित्रं) ठेवू की अठरा? पेरणीचं पहिलं दृश्य संथच हवं, ती चाल बिघडली तर सगळंच गेलं.

दुसरं म्हणजे, पावासाठी रांगेत उभी असलेली गरीब माणसं एका दृश्यात पुतळ्यासारखी स्तब्ध राहतात. तिकडे शेटजींची मेजवानी चालू, इकडे ही रांग. मला हे दृश्य सर्वांत जास्त भिडतं, पण लोकांना यंत्र अडकलं असं वाटेल का? आधी सांगून ठेवावं का?

साथीला पेटी आणि तबला आहे. त्या रांगेवर वाजवावं की पूर्ण शांतता ठेवावी? कुणी मूकपटाला प्रत्यक्ष साथ केली असेल तर कृपया सविस्तर लिहा.