सिझरला आठ महिने झाले, वजन हटेना आणि पळताही येईना

खांबावरची (जुळे सोलापूर)

विषय वजनाचा म्हणून टाकलाय, पण खरं दुखणं वेगळंच आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळले. एप्रिलमध्ये सिझर झालं, मुलगी. दिवस जायच्या आधी ५८ किलो होते, नवव्या महिन्यात ७६. दवाखान्यातून घरी आले तेव्हा ७०, आणि आज सकाळी सासूबाईंच्या काट्यावर ७१.

आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, आणि मी माहेरी बार्शीला कानाला स्कार्फ, पायात मोजे, बाजेखाली शेगडी. सकाळी डिंकाचा लाडू, दहाला अळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी न् शेपू वर तूप, चारला परत लाडू. आईनं दोन डबे केलेले, मावशीनं वर एक आणला. नको म्हटलं की "मग दूध कसं येईल गं?" झालं, माझं तोंड बंद.

ऑक्टोबरात रजा संपली. नोव्हेंबरात मुलींचा सराव सुरू झाला. एका पोरीला खांबावर सूर मारायला जमेना. म्हटलं थांब, दाखवते. चार पावलं जोरात पळाले आणि कपडे ओले. सलवार काळी होती म्हणून निभावलं. मुलींना सांगितलं पाय मुरगळला, आणि लंगडत स्टाफरूम गाठली. कुणी बघत नसतानाही दारापर्यंत लंगडतच गेले, काय की.

तेव्हापासून शिंक आली तरी थेंब-दोन थेंब. मैदानावर खो-खोच्या चौकात उकिडवं बसले की खाली जड जड वाटतं. आणि पलंगावरून उठताना पोटाच्या मधोमध भाकरीचा पापुद्रा फुगतो तसा उभा उंचवटा येतो. मोबाईलवर बघून तीन आठवडे रोज पन्नास सिटअप्स काढल्या, पोट उलट पुढंच. जिमवाला म्हणतो, "मॅडम, तीन महिन्यांत पंधरा किलो, रात्री फक्त सूप." मुलगी अजून अंगावर पिते.

फेब्रुवारीत माजी खेळाडूंचा सामना आहे. खेळू का? आणि वजनाचं काय करू? (दवाखान्यात टाके बघितले, "सगळं छान" म्हणाले, बाकी कुणी काही विचारलं नाही. मीही बोलले नाही.)

---

दोन पोरांची आई

अगं, पहिल्यांदा तो काटा सासूबाईंच्या खोलीतून हलव. मी सांगतेय ना. रोज सकाळी कुणाच्या तरी देखत वजन करणं हाच एक आजार आहे.

माझं धाकट्याच्या वेळचं १४ किलो उतरायला सव्वा वर्ष लागलं. काही विशेष केलं नाही. सकाळी साडेसहाला कंबर तलावावर फेऱ्या, आधी एक, मग दोन. पोराला हे सांभाळायचे. पाणी यायच्या दिवशी मात्र फेऱ्या बंद, पिंप भरणं हाच व्यायाम. लाडू चौथ्या महिन्यात बंद केले, तेही आईला न सांगता. उरलेले यांच्या ऑफिसात वाटले, तिथं दोघांचं वजन वाढलं.

रात्रीच्या सूपवर मी आठवडाभर राहून बघितलं. पहाटे तीनला पाजायला उठायचे आणि अंधारात कडक भाकरी न् शेंगाची चटणी खात बसायचे. जमत नाही ते.

---

हाडाची फिजिओ (मूळची अशोक चौक, आता पुणे)

खांबावरची, सिटअप्स आजपासून बंद. त्याचं कारण सांगते.

पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध एक पट्टी जोडते. गरोदरपणात ती पट्टी ताणून रुंद होते. बऱ्याच जणींची आपोआप आवळते, काहींची राहून जाते. तो पापुद्रा म्हणजे तेच असावं. घरी बघता येईल: उताणी झोप, गुडघे वाकव, बेंबीच्या थोडं वर बोटं आडवी टेकव आणि डोकं फक्त जरासं उचल. दोन्ही कडांच्या मध्ये किती बोटं जातात? दोनपेक्षा जास्त जात असतील तर फट आहे. सिटअप्स काढताना पोट बाहेर ढकललं जातं, म्हणून तुझं "उलट पुढंच". आणि उठताना सरळ उठू नकोस, कुशीवर वळून हाताच्या आधारानं ऊठ. हे दिवसातून वीसदा होतं, म्हणून यानं फरक पडतो.

आता गळण्याचं. सिझर झालं म्हणजे खालचे स्नायू शाबूत राहिले असं नसतं, नऊ महिने वजन त्यांनीच पेललेलं असतं. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरतो तसं आत-वर आवळायचं, श्वास न कोंडता. सुरुवातीला पाच सेकंद, जमेल तसं दहापर्यंत. मग सैल सोडायचं, सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. दर वेळी पाजायला बसलीस की कर, वेगळा वेळ काढावा लागत नाही. लघवी करताना मध्येच थांबवून सराव मात्र करायचा नाही.

जड वाटतं म्हणालीस, ते अंगावर काढू नकोस. कधी कधी पिशवी किंवा मूत्राशय खाली सरकलेलं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि तोंडानं सांग: जड वाटतं, गळतं. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. त्याच फेरीत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करून घे. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात थायरॉईड बिघडू शकतो आणि मग काहीही केलं तरी वजन हलत नाही.

खाण्याचं: अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२० च्या आसपास, असं आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेचं मार्गदर्शन आहे. तीन डब्यांची गरज नव्हती, पण आता उपाशी राहायचीही नाही. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, दही, अंडी खात असशील तर ती. शेंगाची चटणी दोन चमचे. (सोलापुरात चटणी चमच्यानं मोजायला सांगणं म्हणजे भांडण काढणं, माहीत आहे.) आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. पंधरा किलोवाल्याला नमस्कार कर.

फेब्रुवारीचा सामना: खेळू नकोस. पंच हो.

---

सिद्धेश्वर पेठेतली काकू

पोरींनो, मी एकसष्ट वर्षांची. नातीनं हे वाचायला दिलं. मुली लाडवांना नावं ठेवतात याचा राग येऊन लिहायला बसले होते. आमच्या सासूबाई वीस दिवसांत चुलीपुढं बसवायच्या, लाडू कुठं राहतोय अंगात.

पण खालचं वाचलं आणि गप झाले. मला हे तीस वर्षांपासून आहे. धाकट्याच्या वेळेपासून. खोकला आला की पाय आवळून उभी राहते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला तास-तास उभं राहावं लागतं, म्हणून सात वर्षं झाली, संक्रांतीला घरूनच हात जोडते. घरात सांगितलं गुडघे दुखतात. आमच्यात हे कुणी कुणाला बोलत नसे, माझी आईसुद्धा अशीच पाय आवळायची, आता आठवलं.

एकसष्टीला ते आवळण्याचं करून उपयोग आहे का?

---

हाडाची फिजिओ

आहे काकू. स्नायूला वय कळत नाही, सवय कळते. वेळ जास्त लागेल एवढंच. आधी डॉक्टरांना दाखवा, साखर आणि लघवीचीही तपासणी करून घ्या.

---

खांबावरची

दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

फट तीन बोटं निघाली. डॉक्टरांनी तपासलं, पिशवी थोडी खाली आहे, ऑपरेशन नको, व्यायाम करा म्हणाल्या. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ९.८. म्हणजे जिना चढताना धाप लागायची ती चरबीनं नव्हे! गोळ्या चालू आहेत.

आवळणं पाजताना करते. पहिले पंधरा दिवस काही कळेचना आवळतंय का नुसतं तोंड वाकडं होतंय. आता कळतं. सासूबाईंना धीर करून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पिंप त्या भरू देत नाहीत, यांना हाक मारतात. काटा आता माळ्यावर आहे. परवा काढला तेव्हा ६९. फट दोन बोटांच्या वर किंचित.

सामन्यात पंच झाले. पंचांना पांढरे कपडे. आदल्या रात्री कपाटापुढं बराच वेळ उभी होते. खोटं कशाला बोलू, पॅड लावूनच गेले. दोन्ही डाव रेषेच्या कडेनं भराभर चालले, दोनदा पळावंही लागलं. घरी येऊन बघितलं, कोरडं.

काकू, संक्रांतीला गेला होतात का? आणि फिजिओताई, सूर कधी मारायचा ते सांगा.