जुलैअखेर एसटीने सातारा–महाबळेश्वर–आंबेनळी–चिपळूण–कुंभार्ली : पाऊस लागून राहिला तर कसं करायचं?

कृष्णाकाठ_सांगली :

आम्ही चौघं सांगलीचे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस एसटीने फिरायचं ठरवलंय. 'आवडेल तेथे प्रवास'चा चार दिवसांचा पास काढणार, पाठीवर एकेक सॅक, राहण्याचं आगाऊ बुकिंग कुठेच नाही.

बेत असा : पहिल्या दिवशी सांगली–सातारा–कास–बामणोली आणि तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी लाँचने तापोळा, तिथून महाबळेश्वर. तिसऱ्या दिवशी प्रतापगड बघून आंबेनळी घाट उतरायचा, पोलादपूरहून चिपळूण. चौथ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड करत घरी.

पाऊस असणारच, त्याची तक्रार नाही. पण घाट बंद झाला तर काय करायचं, सॅक कोरडी कशी ठेवायची, आणि बहिणीला वळणांचा त्रास होतो त्याला काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा :

बेतातली सगळ्यात कच्ची जागा आंबेनळी नाही, बामणोली आहे. जुलैत शिवसागरावर, म्हणजे कोयनेच्या जलाशयावर, वारा सुटला की लाँच बंद राहतात, आणि त्या आठवड्यात वारा नसण्याची शक्यता फार कमी. लाँच नाही तर बामणोलीतून बाहेर पडायचा तुमच्या कामाचा रस्ता एकच, आल्या वाटेने कासवरून परत सातारा. म्हणजे दुसरा दिवस तिथेच संपला. शिवाय आतल्या गावांना संध्याकाळी शेवटची जाते ती बहुतेक मुक्कामी गाडी असते. रात्री गावात थांबते आणि पहाटे तीच परत फिरते. पाऊस वाढला की डेपो पहिली रद्द करतो ती हीच. संध्याकाळी गाडी आली नाही म्हणजे सकाळीही नाही.

म्हणून मुक्काम साताऱ्यात करा. कास सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत. सुमारे पंचवीस किलोमीटर आहे, यवतेश्वरचा घाट चढून. एक सांगून ठेवतो, जुलैअखेर फुलांचा बहर नसतो. तो ऑगस्टअखेरपासून पुढे. तेव्हा पठारावर धुकं आणि वारा एवढंच मिळेल. तेही बघण्यासारखं असतं, पण फुलांच्या आशेने जाऊ नका.

आता घाट. साताऱ्याहून महाबळेश्वरला दोन वाटा आहेत. एक मेढ्यावरून केळघर घाटाने, दुसरी पाचवड–वाई–पसरणी घाट–पाचगणी. केळघरची वाट जवळची, पण रस्ता अरुंद आणि डोंगराच्या बाजूने ओढे थेट रस्त्यावर उतरतात. पावसाने सलग दोन दिवस झोडपलं असेल तर वाईवरून जा. वेळ जास्त लागतो, पण वाई आणि पाचगणी ही दोन मोठी गावं वाटेत असल्याने अडकलात तरी जेवण आणि खोली मिळते.

आंबेनळीचा निर्णय सांगलीत बसून घेऊच नका. तो महाबळेश्वरात, तिसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा. हवामान खात्याच्या इशाऱ्यांत 'सातारा घाट' असा भाग वेगळा दिलेला असतो, तो बघा. जिल्ह्याचा सरसकट रंग बघून उपयोग नाही, कारण जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावात ऊन असताना महाबळेश्वरात धो धो कोसळत असतं. पिवळा असेल तर जा. नारिंगी असेल तर आदल्या चोवीस तासांत किती पडला ते विचारा. २०४ मिलिमीटरच्या वर म्हणजे खात्याच्या भाषेत अत्यंत जोरदार. तेवढा पडून गेला असेल तर त्या दिवशी पाऊस थांबलेला असला तरी आंबेनळी नको. लाल असेल तर प्रश्नच नाही. जिल्हा प्रशासन अशा वेळी धबधबे आणि पॉइंटसुद्धा बंद करतं.

पाऊस थांबल्यावरही का नको, हे समजून घ्या. या डोंगरांचा कणा बेसॉल्टचा, पण वर जांभा आणि झिजून झालेली माती-मुरुमाची जाड थर. ती थर पाणी पीत जाते, जड होते आणि खालच्या कठीण खडकावरून सुटते. पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून दरड बऱ्याचदा पावसाच्या जोरानंतर काही तासांनी येते. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात माणसं गाडली गेली. तुमचा आठवडा त्याला लागूनच आहे.

घाट कोणताही असो, शक्यतो दुपारी बाराच्या आत पार करा. सकाळी दरड आली तर बांधकाम खात्याचा जेसीबी उजेडात काम करतो, संध्याकाळपर्यंत एक बाजू मोकळी होऊ शकते. पाचनंतर आली तर रात्र गाडीतच.

फलाट_नंबर_पाच :

वरचं सगळं पटतं. मी गाडीच्या आतलं सांगतो.

बहिणीसाठी जागा : पुढून तिसऱ्या ते सहाव्या रांगेत, म्हणजे दोन्ही चाकांच्या मधोमध. मागच्या चाकाच्या पाठीमागे गाडीचा बराच भाग बाहेर लोंबता असतो, वळणावर तोच सगळ्यात जास्त फेकला जातो. शेवटच्या बाकावर त्रास नसलेल्यालाही मळमळतं. नजर समोरच्या काचेतून रस्त्यावर ठेवायची. मोबाइल आणि पुस्तक बंद, कारण डोळे स्थिर वस्तू बघतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगतो, त्या भांडणातूनच उलटी येते. धुक्यात समोरचंही दिसत नाही, तेव्हा डोळे मिटून मान टेकवून बसलेलं बरं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, घाट सुरू होण्याआधी अर्धा-पाऊण तास. घाटात मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. तिने झोप येते हेही लक्षात ठेवा, उतरायच्या ठिकाणी कुणीतरी जागं हवं. रिकाम्या पोटी बसू नये, मिसळ खाऊनही बसू नये. भाकरी किंवा दोन केळी पुरेत.

खिडकीची जागा पावसाळ्यात सोडा. जुन्या साध्या गाड्यांत सरकत्या काचांचं रबर गेलेलं असतं, पाणी आतून ओघळून नेमकं मांडीवर येतं. बसायचंच झालं तर खिडकीकडच्या बाजूला रेनकोट घालूनच बसा. सगळ्या काचा घट्ट लावून घेऊ नका. पन्नास माणसांच्या श्वासाची वाफ चालकाच्या काचेवर धरते, आणि घाटात धुक्यात त्यांना तेवढीच काच असते. दोन-तीन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायला सांगा, कुणी कुरकुर केली तरी.

सॅका मधल्या वाटेत किंवा 'संकटसमयी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेल्या दाराला टेकवून ठेवू नका. वाहकही ठेवू देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

स्टँडवर चौकशी खिडकीत "गाडी कधी आहे?" एवढंच विचारलं तर वेळापत्रकातली वेळ सांगतात. "गाडी आज त्या बाजूने सुटली का, आणि तिकडून आली का?" असं विचारा. तिकडून आलेली गाडी म्हणजे रस्ता उघडा असल्याचा खात्रीचा पुरावा. तिच्या चालकालाच फलाटावर गाठून विचारलं तर आणखी उत्तम. कुठल्या वळणावर माती आलीय, कुठे एकेरी सोडतात, त्याच्याइतकं ताजं कुणाकडे नसतं.

गाडी रद्द झाली की वडापवाले, म्हणजे खासगी जीपवाले, हाका मारायला लागतात. सपाटीवर वडापने खुशाल जा. पण एसटीने जो घाट थांबवलाय त्या घाटात वडापने जाऊ नका. डेपोने गाडी सोडली नाही त्याला कारण असतं.

पासाचा खरा फायदा इथे आहे. वाट बदलली तरी पैसे वाया जात नाहीत, दुसऱ्या फलाटावर जाऊन बसायचं. जागेची हमी मात्र पास देत नाही. आणि साध्या गाडीचा काढलात तर शिवशाहीत चालणार नाही, पास काढतानाच विचारून घ्या.

कृष्णाकाठ_सांगली :

बामणोली रद्द, पटलं. दोघांकडे साठ लिटरच्या सॅक आहेत, रेनकव्हर त्यांच्याबरोबरच आलंय. तेवढ्यावर भागेल ना? आणि घाटात गाडी दरडीपाशी थांबलीच तर खाली उतरायचं की आत बसायचं?

रानवाट :

रेनकव्हरवर भागणार नाही. ते फक्त बाहेरून येणारं पाणी अडवतं. पाठीच्या बाजूने, पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत जातंच, शिवाय कव्हरच्या तळात साचतं आणि सॅक त्या डबक्यात बसते. तळाला निचऱ्याचं भोक नसेल तर एक बारीक भोक पाडा.

खरं काम आतल्या पिशवीचं. सॅकच्या उंचीपेक्षा हातभर लांब, जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी घ्या. ती आत घालून मग सामान भरा, वरून दाबून हवा काढा, तोंडाला पीळ द्या, पीळ दुमडून रबराने बांधा. नुसती गाठ मारली तर फट राहते. पिशवीच्या आत फक्त कोरडं राहायलाच हवं ते : रात्रीचे कपडे, चादर, औषधं, चार्जर. रेनकोट, पंचा, ओले कपडे पिशवीच्या बाहेर. एक ओला टी-शर्ट आत गेला की सकाळी सगळंच दमट निघतं.

साठ लिटरची सॅक साध्या गाडीच्या वरच्या फळीवर बसत नाही, मांडीवर मावत नाही, म्हणून डिकीत जाते. डिकीत मागच्या चाकाचा चिखल उडून येतो. चाळीस लिटर आणि आठ-नऊ किलोत चार दिवस निभतात. मोठीच न्यायची तर रिकाम्या खताच्या पोत्यात घालून, तोंड बांधून डिकीत टाका. कव्हर फाटायचंही वाचतं.

कपड्यांचे दोनच जोड. एक दिवसभर भिजायचा, एक फक्त रात्रीचा. सकाळी ओलाच जोड पुन्हा चढवायचा, जिवावर येतं पण दहा मिनिटांत अंगच्या उबेने बरं वाटतं. कोरडा जोड सकाळी घातला तर दुपारपर्यंत दोन्ही ओले, आणि महाबळेश्वरात जुलैत कपडे वाळत नाहीत. जीन्स नकोच. छत्री घाटमाथ्यावर उलटी होते, गुडघ्याखाली येणारा रेनकोट घ्या. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, झोपताना एकदा बदला. प्रतापगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, झिजलेल्या तळाचे बूट आणू नका.

रोख पैसे सुट्ट्यांत ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. वीज गेली की टॉवर जातो, आणि टॉवर गेला की फोनवरचे पैसे कुणाच्याच कामाचे नाहीत.

घाटमाथा :

दरडीपाशी गाडी थांबली तर : आधी चालक-वाहकांचं ऐका. गाडी मागे रुंद जागेत घेता येत असेल तर ते घेतीलच, तोवर आत बसा. बाहेर पडायची वेळ आली तर डोंगराकडच्या गटाराजवळ उभं राहू नका आणि दरीकडच्या कडेलाही नको. एका बाजूने दगड येतो, दुसऱ्या बाजूची साइडपट्टी पावसाने पोकळ झालेली असते. पडलेल्या मातीवरून चालत पलीकडे जाऊन दुसरी गाडी पकडायचा मोह होतो. बांधकाम खात्याच्या माणसांनी सोडल्याशिवाय जाऊ नका, पहिल्या दरडीमागून दुसरी येते.

लक्ष ठेवायच्या खुणा : स्वच्छ वाहणारा ओढा अचानक गढूळ होणं किंवा एकाएकी आटणं, बारीक खडे टपटप पडत राहणं, दरीच्या बाजूला डांबरावर रस्त्याला समांतर भेग. यातलं काही दिसलं तर लगेच चालकाला सांगा. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीला ११२. आपत्तीचे इशारे देणारं सरकारी 'सचेत' ॲप निघण्याआधीच फोनवर घेऊन ठेवा.

वारणाकाठ :

सगळे वरच्या घाटांचंच बोलताहेत, पण सांगलीकरांची गाडी शेवटी घरापाशी अडते. कोयनेचे दरवाजे उघडले की पाणी सांगलीला लगेच दिसत नाही, नंतर चढतं. तुम्ही चौथ्या दिवशी कुंभार्ली सुखरूप चढून कराडात याल आणि तिथे कळेल की इस्लामपूर–आष्टा–सांगली बंद. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. निघण्याच्या दिवशी पातळी किती आहे आणि कोयनेतून किती सोडताहेत, दोन्ही बघून निघा. रस्ता बंद असेल तर कराडहून विटा–तासगावमार्गे या. ती वाट कृष्णेच्या अलीकडून, म्हणजे सांगली शहराच्याच बाजूने येते. नाहीतर रेल्वे. कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे, स्टँडवरून रिक्षाचा वेळ धरा. साताऱ्याचंही स्टेशन गावापासून लांबच.

चिपळूणचंही तसंच. तिथे नुसता पाऊस बघू नका, भरतीची वेळ बघा. वाशिष्ठीला पूर आणि समुद्राला भरती एकत्र आली की पाणी ओसरत नाही. जुलै २०२१ मध्ये स्टँडसकट बाजारपेठ पाण्याखाली होती. मुक्काम बाजारपेठेत तळमजल्यावर नको, उंचावर बघा किंवा सरळ पुढे कोयनानगरला या.

घाटमाथा :

सगळं धरून बेत असा बसतो. पहिला दिवस सांगली–सातारा, वेळ उरला तर कास, मुक्काम सातारा. दुसरा, सकाळच्या गाडीने महाबळेश्वर. सॅक खोलीवर ठेवून दुपारी गडाच्या पायथ्याच्या कुंभरोशीपर्यंत जाऊन प्रतापगड, परतीची गाडी जातानाच वाहकाला विचारून ठेवायची. म्हणजे आंबेनळीचा वरचा भाग डोळ्याने बघून होतो आणि तिसऱ्या दिवसाचा अंदाज येतो. तिसऱ्या दिवशी रस्ता चांगला तर पहिल्या गाडीने पोलादपूर, तिथून कशेडीवरून चिपळूण. पुढे कुंभार्लीची गाडी दुपारी मिळाली आणि धुकं नसलं तर त्याच दिवशी कोयनानगर, नाहीतर उंचावर मुक्काम करून चौथ्या दिवशी पहाटे. रस्ता वाईट असेल तर कोकण सोडून द्या : महाबळेश्वर–पाचगणी–वाई–सातारा–कराड, तिथून पाटण आणि कोयनानगर घाट न उतरता.

फलाट_नंबर_पाच :

यात एकच भर. महाबळेश्वरहून पोलादपूरकडची पहिली गाडी किती वाजता आणि कुठल्या डेपोची, हे आदल्या संध्याकाळी विचारा. पोलादपूर, महाड किंवा कोकणातल्या डेपोची असेल तर ती आदल्या रात्री वर आलेली आहे का, हेही विचारा. आली नसेल तर सकाळी फलाटावर उभं राहण्यात अर्थ नाही, तेव्हाच वाईची गाडी धरा.