आयात मॉडेल रेल्वे: दर वेळी चिनी कारखान्याच्याच नावाने खडे का फोडायचे?

वाघीण
नवंकोरं इंजिन पहिल्याच सांध्यावर घसरलं, की ठरलेलं वाक्य येतं: ‘चिनी माल, दुसरं काय!’ मला हे पटत नाही. हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीने १९९० च्या दशकाअखेरीस उत्पादन इंग्लंडमधल्या मार्गेटहून चीनला हलवलं, त्यानंतरच तर मॉडेलवरचं बारीक काम आणि छपाई सुधारली. ओओ गेजमध्ये, म्हणजे ब्रिटिश मॉडेलांच्या नेहमीच्या मापात, दोन चाकांच्या आतल्या बाजूंत साधारण १४.५ मिमी अंतर लागतं. ते तपासायला साधं मापक पुरतं. ते प्रत्येक इंजिनाला लावायचं की पन्नासातल्या एकाला, हे ऑर्डर देणारी कंपनी ठरवते. पैसे तिथे वाचवायचे आणि खापर जुळणी करणाऱ्या बाईवर!

सांधेवाला
कंपनी ठरवते, पण कागदावर. सांडा कान हा चीनमध्ये मॉडेलं बनवणारा हॉर्नबीचा मोठा पुरवठादार होता. २००८ च्या सुमारास तो हाँगकाँगच्या केडर कंपनीने घेतला, आणि हॉर्नबीशी स्पर्धा करणारी बाखमन केडरचीच! प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यातून आलेला माल कुठल्या तोंडाने नाकारणार? हॉर्नबीचा पुरवठा पुढे रखडलाच. दर्जा हवा तर कारखाना स्वतःचा हवा. जपानची काटो कंपनी बघा.

वाघीण
मग बाखमनच्या गिअरला तडे गेल्याच्या तक्रारी का येतात? तिथे तर कारखाना घरचाच.

जुना_चाबीवाला
दोघंही देशावर आणि मालकीवर अडकलात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की चेसिस काही वर्षांनी फुगते, तडकते, हातात भुगा येतो. १९३० च्या दशकातल्या डिंकीच्या खेळण्यातल्या गाड्यांचं हेच झालं, आणि त्या लिव्हरपूलला बनत. तेव्हा चीन कुठे होता?

सांधेवाला
हे माझ्याच बाजूचं झालं की! असा दोष खोकं भरताना दिसतच नाही. धातू ओततात तिथे आपला माणूस उभा हवा.

ठाणे_स्लो
तुमचं तात्त्विक चालू द्या. इथे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. बिघडलेलं इंजिन परत पाठवायचं म्हणजे कुरिअरचा खर्च आणि कस्टम्सशी हुज्जत. मी चाकं स्वतःच सरकवून घेतो. दोष कोणाचा का असेना, दुरुस्ती माझ्याच टेबलावर.

वाघीण
चाकं सरकवाल हो, पण तडकलेला गिअर कुठून आणाल? तोवर कारखाना दुसऱ्याच ऑर्डरला लागलेला असतो. सुटे भाग आधीच जास्तीचे बनवून ठेवायचे की नाही, हेही कंपनीच ठरवते.