कमी पगारात राबणारा माणूस नुसत्या मेहनतीवर गरिबीतून वर येतो का?

बिनपगारी
'कष्टाला पर्याय नाही' हे वाक्य मी कष्टकऱ्याच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही, ते कायम कुणीतरी खुर्चीत बसून म्हणत असतो. माझं म्हणणं सरळ आहे. रोजावर किंवा तासावर काम करणाऱ्याची सगळी मेहनत आहे तिथे तग धरण्यातच खर्ची पडते, वर चढायला काही शिल्लकच राहत नाही. कॉन्ट्रॅक्टरकडे सफाईचं काम करणारी बाई घ्या. तिने आठ तासांचं काम सहा तासांत उरकलं तर तिला दोन तास मोकळे मिळतात का? छे, तिला वरचा मजलापण झाडायला देतात आणि पुढच्या महिन्यापासून तो मजला तिचाच होऊन बसतो. पगार तेवढाच. ऑफिसातला माणूस जीव तोडून राबला तर अप्रेझलला बोलायला निदान तोंड तरी असतं, हिला बोलायला समोर माणूसच नाही कारण ज्या कंपनीत ती झाडू मारते ती कंपनी तिची मालक नाही आणि जो मालक आहे तो तिथे दिसत नाही.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा २०१८चा एक अहवाल आहे, त्यांच्या हिशोबाने सदस्य देशांत गरीब घरातल्या वंशजांना सरासरी उत्पन्नाच्या जवळ पोचायला साडेचार पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन, कोलंबियात अकरा! आता डेन्मार्कची माणसं कोलंबियाच्या माणसांपेक्षा पाचपट जास्त कष्टाळू आहेत असं कुणाला म्हणायचंय का?

रोखठोक
आकडा बरोबर पण लावलात चुकीच्या जागी. साडेचार पिढ्या सरासरीपर्यंत पोचायला, गरिबीतून बाहेर पडायला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव. शेजारी माझ्यापेक्षा जोरात पळाला म्हणजे मी जागेवरच उभा आहे असं होत नाही. जागतिक बँकेची त्या वेळची दारिद्र्यरेषा धरली तर १९९०मध्ये जगातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं अतिगरिबीत होती आणि २०१९पर्यंत ते प्रमाण दहात एकापेक्षाही खाली आलं. एकट्या चीनमध्ये चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक वर आले. यांना काय लॉटरी लागली होती? कारखान्यात, शेतात, बांधकामावर राबलेच ना? तुमच्यासारखं 'काही उपयोग नाही' म्हणत बसले असते तर आजही तिथेच असते.

कंदील
चीनचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत, पण ते तुमच्या अंगलट येतंय. हीच माणसं १९७८च्या आधी झोपा काढत होती का? तेव्हाही राबतच होती, आणि उपाशी होती.

आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावाची गोष्ट वाचा. सामूहिक शेतीत कुणी कितीही घाम गाळला तरी वाट्याला येणारं धान्य जवळपास सारखंच, गावातले लोक भीक मागायला बाहेर पडायचे. १९७८च्या शेवटी तिथल्या १८ शेतकऱ्यांनी चोरून एक कागद केला, अंगठे उठवले, जमीन घराघरांत वाटून घेतली, सरकारचा हिस्सा भरल्यावर उरेल ते ज्याचं त्याचं. पकडले गेलो तर बाकीच्यांनी पोरं सांभाळायची हेही त्यात लिहिलेलं. पुढच्या वर्षी पीक कितीतरी पटीने वाढलं. माती तीच, हात तेच, बदलला तो नियम.

रोखठोक
अहो कंदील, तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत 😄 फळ आपलं आहे म्हटल्यावर लोकांनी जास्त कष्ट केले आणि वर आले. म्हणजे कष्टाने गरिबी जाते, सिद्ध झालं.

कंदील
फळ आपलं असेल तर, हा 'तर' तुम्ही अलगद गिळलात. बिनपगारी यांच्या सफाईवालीला वरच्या मजल्याचं फळ मिळतंय का? ती अजून १९७८च्या आधीच राहतेय, फक्त सामूहिक शेतीच्या जागी कॉन्ट्रॅक्टर आलाय.

दुसरी_पाळी
मी गोदामात पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे वस्तू गोळा करायला होतो म्हणून लिहितो, नाहीतर असल्या धाग्यांवर लिहीत नाही. इथे सगळे मेहनत मेहनत करतायत पण आमच्याकडे कमी पडायचा तो वेळ, आणि तोसुद्धा आपल्या हातात नसलेला वेळ. उद्याची पाळी कुठली हे आज संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला की कळायचं. फोर्कलिफ्टचं लायसन काढायचं म्हणून संध्याकाळचा क्लास लावला, पैसे आगाऊ भरले, तर नेमकी त्याच आठवड्यापासून दुपारची पाळी लागली. बदलून मागितली तर सुपरवायझर म्हणतो बदलून देतो पण मग ओव्हरटाइमच्या यादीत नाव येणार नाही. आता ओव्हरटाइम सोडला तर घरभाडं निघत नाही आणि नाही सोडला तर क्लास बुडतो. शेवटी क्लास बुडाला, पैसे परत मिळाले नाहीत, आणि वरून सगळे सांगायला मोकळे की याला शिकायचंच नव्हतं. आई जेवू घालीना बाप भीक मागू देईना, ते हेच. हातातलं ते स्कॅनर मशीन दोन वस्तूंच्या मधे किती सेकंद गेले तेसुद्धा मोजतं, त्यामुळे पाणी प्यायला गेलं तरी त्याचा हिशोब राहतो, आणि अशा माणसाला कुणी आळशी म्हटलं की खरंच डोकं फिरतं.

हिशेबनीस
दुसरी_पाळी यांच्याबद्दल आदर ठेवून, पण त्यांच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. नुसते तास वाढवणं ही एक मेहनत, हुन्नर शिकणं ही दुसरी. पहिलीने कुणी वर येत नाही हे मला मान्य, दुसरीने येतात. वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग, यातली चांगली माणसं कुठेही उपाशी नसतात, उलट शोधूनही सापडत नाहीत. पण त्यासाठी दीड-दोन वर्षं कमी पैशात हाताखाली काढावी लागतात आणि तेवढा धीर बऱ्याच जणांत नसतो. हप्त्यावर भारी मोबाइल घ्यायला मात्र धीर लागत नाही. कटू आहे पण दिसतं ते लिहिलं.

बिनपगारी
आला, मोबाइल आला! वाटच बघत होतो, या विषयावर मोबाइल निघाल्याशिवाय चर्चा पूर्ण होतच नाही. अहो हिशेबनीस, पाळी ज्या ग्रुपवर कळते तो ग्रुप कशावर बघायचा?

आणि दीड-दोन वर्षं कमी पैशात काढायची म्हणजे तेवढी वर्षं घर चालवणारं दुसरं कुणीतरी हवं. ते ज्याच्याकडे आहे तो धीराचा, नाही तो उतावळा. हे बरंय.

कंदील
हुन्नर की धीर की भांडवल, यावर बांगलादेशात चांगला अभ्यास झालाय. ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेने अगदी गरीब बायकांना, म्हणजे दुसऱ्यांच्या शेतात नाहीतर घरात मोलमजुरी करणाऱ्यांना, एक मोठी वस्तू एकरकमी दिली, बहुतेकींना गाय, वर थोडं प्रशिक्षण. अर्थतज्ज्ञांनी या घरांचा बरीच वर्षं माग ठेवला, २०२२मध्ये तो शोधनिबंध छापून आला. निघालं असं की मालमत्तेची एक पातळी आहे. गाय मिळून ज्या त्या पातळीच्या वर गेल्या त्या पुढेही वर चढत राहिल्या, ज्या जरा खाली राहिल्या त्या परत घसरल्या. बहुतेकजणी स्वभावाने किंवा अकलेने कमी होत्या असं नव्हतं, त्यांना चांगल्या कामात शिरायला लागणारी सुरुवातीची रक्कमच हाताशी नव्हती. आणि गाय आल्यावर त्या आधीपेक्षा जास्त तास राबायला लागल्या. म्हणजे राबायची तयारी होतीच, वर्षभर राबण्यासारखं काम नव्हतं. थेंबाथेंबाने साचवून त्या पातळीपर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य, कारण मधेच एक आजारपण आलं की साचलेलं शून्यावर.

रोखठोक
गायी वाटून जग सुधारत असतं तर काय हवं होतं. असलाच कार्यक्रम सहा देशांत करून बघितला होता, २०१५मध्ये सायन्स नियतकालिकात आलंय, बॅनर्जी-डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळी. होंडुरासमध्ये बऱ्याच घरांनी कोंबड्या घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी रोगाने मेल्या. सांगा आता.

कंदील
त्याच पेपरात एकूण सहा देश मिळून घरांचं खाणं-पिणं, उत्पन्न, मालमत्ता वाढली आणि कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही टिकली होती, ते वाचायचं राहिलं वाटतं. आणि कोंबड्या मेल्या यात त्या घरांची मेहनत कमी पडली का? तिथेही नशिबावरच आलं की सगळं, मग मेहनतीचं काय उरलं?

चार_माणसांचा_धनी
मी बाजू घेत नाही, धंदेवाला म्हणून लिहितो. माझ्याकडे इव्हेंटला माणसं पुरवायचं काम आहे. एक पोरगा हमालीला आला होता, कामाला वाघ, हिशोब चोख, त्याला मी सुपरवायझर केला, आज त्याचा पगार दुपटीच्या वर आहे. मेहनतीला किंमत नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दहा माणसांमागे सुपरवायझर एकच लागतो. दहाही जण त्याच्यासारखे वाघ निघाले तरी नऊ जण हमालच राहणार आणि त्यांना मी तेवढाच पगार देणार, कारण जास्त दिला तर टेंडर शेजारचा घेऊन जातो.

बिनपगारी
धनीसाहेब, या धाग्यातली सर्वात खरी पोस्ट तुमची. एकजण वर जाऊ शकतो यावर वादच नाही, सगळे भाषण देतात ते त्याच एकाचं. माझा प्रश्न उरलेल्या नवांचा आहे, आणि हमाली तर कुणीतरी करणारच ना. मग त्या कामाचाच पगार असा का नसावा की माणूस गरीब राहणार नाही?

टेंडर शेजारचा नेतो याचंही उत्तर आहे, शेजाऱ्यालाही तोच दर बंधनकारक करा. जर्मनीने १ जानेवारी २०१५पासून देशभर किमान वेतन लावलं तेव्हा कितीतरी तज्ज्ञांनी लाखो नोकऱ्या जातील म्हणून सांगितलं होतं. तसं काही झालं नाही, खालच्यांचे पगार वाढले आणि बरेच जण छोट्या कमी पगाराच्या ठिकाणाहून जरा बऱ्या ठिकाणी गेले.

हिशेबनीस
जर्मनीला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही. आयएलओ या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच म्हणण्याप्रमाणे जगातले सुमारे ६० टक्के कामगार असंघटित आहेत, त्यांच्या मालकाला नियम लावायला जाणार कोण? कागदावरच्या वेतनाने कुणाचं पोट भरत नाही. आणि या सगळ्यात पुढच्या पिढीचा विचारच कुणी केला नाही. आई-बाप स्वतः नाही वर आले तरी पोरं येतात, कष्ट वाया जात नाहीत.

कंदील
हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकात पाच शहरांत गरीब वस्तीतल्या कुटुंबांना लॉटरी काढून चांगल्या वस्तीत राहायला भाड्याचं व्हाउचर दिलं होतं. मोठ्यांच्या कमाईत काही फरक पडला नाही. पण जी मुलं तेरा वर्षांच्या आत असताना तिकडे राहायला गेली त्यांची विशीतली कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. जी जास्त उशिरा गेली त्यांना तसा फायदा झालाच नाही. म्हणजे पोरं येतात वर, पण वस्ती आणि वय जुळलं तर. आईने दोन नोकऱ्या केल्या म्हणून वस्ती बदलत नाही.

रोखठोक
तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला 'पण' आहे. मी एवढंच विचारतो, व्हाउचर, गाय, कायदा यातलं काहीही येईपर्यंत माणसाने करायचं काय? हातात असलेली गोष्ट एकच ना, मेहनत?

दुसरी_पाळी
ती तर चालूच आहे हो, थांबवलीय कुणी. येईपर्यंत काय करायचं हा प्रश्न मलाच का विचारताय, धनीसाहेबांना विचारा की. साहेब, तुम्ही पाळ्या कधी कळवता? आठवडाभर आधी कळवल्या तर तुमचा खिसा किती हलका होईल?

चार_माणसांचा_धनी
खर्च असा काही नाही. पण भाऊ, गिऱ्हाईकच आदल्या रात्री फोन करतं, उद्या सकाळी वीस माणसं पाठव म्हणून. मी तरी आठवडाभर आधी कुठून सांगू?

दुसरी_पाळी
आदल्या रात्री टेम्पो मागवला तर टेम्पोवाला जास्त भाडं लावतो का नाही? आणि तुम्ही ते गुपचूप गिऱ्हाईकाच्या बिलात चढवता का नाही? मग माणसांनाही तसाच जादा दर लावा आणि तो त्यांच्या हातात द्या. दोन महिन्यांत बघा, गिऱ्हाईक आठवडाभर आधी फोन करायला शिकतं का नाही ते.